खून तहकूब

खाडीपट्ट्यात गुपित टिकत नाही आणि निकाल लागत नाही. महाडहून सावित्रीच्या कडेकडेने म्हाप्रळकडे निघालं की जी गावं लागतात, त्यांना आम्ही खाडीपट्टा म्हणतो. तुडील त्यातलंच एक. इथे एका घरची कोंबडी दुसऱ्या घरच्या टोपात गेली, तर रश्शाला उकळी यायच्या आत वाडीभर ते झालेलं असतं. पुरावा कोणी मागत नाही, वास पुरतो. पण त्याच दोन घरांमध्ये बांधावरच्या आंब्यावरून आजोबांच्या काळात जो दावा लागला, त्याची तारीख महाडच्या कोर्टात अजून पडते आहे. आंबा केव्हाच वठला, त्याच्या फळ्यांची दारं झाली, दारांना वाळवी लागली. दावा मात्र दरसाल पालवतो. थोडक्यात, कोणी केलं हे आमच्याकडे पहिल्या दिवशी कळतं आणि पुढे काय करायचं हे तिसऱ्या पिढीतही ठरत नाही.

मुंबईच्या उपनगरांत मॉलच्या वरच्या मजल्यांवर हल्ली जो ‘मर्डर मिस्ट्री एस्केप रूम’ नावाचा खेळ चालतो, त्यात नेमकं उलटं आहे. आत शिरताना कोणाला काहीच माहीत नसतं आणि 60 मिनिटांत निकाल लागलेला असतो. पैसे भरायचे, मोबाइल लॉकरमध्ये ठेवायचे, दार बाहेरून लावून घ्यायचं आणि आतली कुलपं, कोडी, चिठ्ठ्या सोडवत, खुनी कोण ते सांगून बाहेर पडायचं. कोकणातल्या माणसाने कुलूप उघडायला पैसे द्यावेत हेच मुळात विशेष, आणि आम्ही ते दिले. आमच्याकडे निम्मी घरं वर्षाचे अकरा महिने कुलपातच असतात, आणि किल्ली शेजारच्या काकूंच्या मिसळणाच्या डब्यात असते. त्या ती फुकट देतात. वर चहाही देतात.

या खेळाची सुरुवात 2007 साली जपानमधल्या क्योटो शहरात झाली. ताकाओ कातो नावाच्या गृहस्थाने आपल्या ‘स्क्रॅप’ या कंपनीतर्फे ती केली. बंद खोलीतून सुटण्याचे खेळ त्याआधी कॉम्प्युटरच्या पडद्यावर होते. कातोने खोली खरी केली आणि माणसं खरी कोंडली. हे झालं जगाचं म्हणणं. महाड तालुक्याचं म्हणणं वेगळं आहे. रायगड आमच्याच तालुक्यात, आणि संध्याकाळी दरवाजे बंद झाल्यावर गडावर अडकलेली हिरकणी गवळणही आमचीच. तान्ह्या बाळासाठी ती रात्री कडा उतरून घरी गेली, ही कथा तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. हिरकणीला कोणी हिंट दिली नाही, वरून स्पीकरवर ‘मॅडम, डावीकडे बघा’ असं कोणी म्हटलं नाही, आणि खाली पोहोचल्यावर हातात पाटी देऊन फोटो काढायलाही कोणी उभं नव्हतं. महाराजांनी मात्र त्या जागी बुरूज बांधला. आम्हाला बाहेर पडल्यावर पुढच्या खेळासाठी दहा टक्के सवलतीचं कूपन मिळालं. काळ बदलला तो असा.

आता खुनाचं बघा. इंग्रज माणसाला खून घरात, व्यवस्थित आणि शक्यतो चहाच्या सुमारास झालेला आवडतो. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने दिवे घालवून घरात बसायची वेळ आली तेव्हा बर्मिंगहॅमच्या अँथनी प्रॅट यांनी ‘क्लूडो’ हा पटावरचा खेळ रचला. 1949 साली तो बाजारात आला आणि तेव्हापासून जगभरातली मुलं सुट्टीत बंगल्यातला खुनी शोधतात. अगाथा ख्रिस्तीबाईंचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये 1952 पासून चालू आहे. करोनात पडदा पडला तेवढाच खंड. त्या नाटकाचा रिवाज असा, की शेवटी प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. आणि लोक ऐकतात! सत्तर वर्षांवर झाली, लंडनसारख्या शहरात ते गुपित राहिलं आहे. तुडीलमध्ये हे नाटक लागलं असतं, तर पहिल्या अंकालाच मागच्या रांगेतून आवाज आला असता, ‘अरे, तोच आहे तो. त्याचा बाप पण तसलाच होता.’

मराठी माणूस या विद्येत मागे आहे असं समजू नका. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड एसटीच्या प्रवासात किती मांड्यांवर उताणे पडून राहिले असतील याची गणती नाही. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासने तर आमच्या गटातल्या एकाला वकीलच केलं. बाकीच्यांचं शिक्षण ‘सीआयडी’ मालिकेवर झालं. 1998 साली ती सुरू झाली, वीस वर्षं चालली, आणि शिवाजी साटम बोटं फिरवून विचार करायला लागले की आमच्याकडे जेवणाचं ताट खाली ठेवून माणसं विचारात पडायची. त्या मालिकेने एक मोठं नुकसान केलं. दार बंद दिसलं की ते दयाने तोडायचं असतं, अशी एका अख्ख्या पिढीची समजूत झाली. एस्केप रूमच्या भिंतीवर पहिलीच सूचना होती: ‘दार, भिंत व फर्निचर तोडू नये. नुकसान झाल्यास भरपाई वसूल केली जाईल.’ अनुभवाशिवाय कोणी अशी पाटी लिहीत नाही.

गट आमचा शाळेपासूनचा. त्यात महाडच्या कोर्टात वकिली करणारा वकील, जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर, ठाण्याच्या एका बँकेतला बँकवाला, सुट्टीवर आलेला दुबईवाला, आणि पुण्याला हिंजवडीत असणारा आयटीवाला. बुकिंग त्याचंच. ‘टीम बिल्डिंग’ हा शब्द त्याने वापरला तेव्हा दुबईवाल्याला वाटलं, कुठेतरी इमारत बांधायची आहे. तो त्याच धंद्यात आहे. सहावा मी. सातवे होते तात्या. तात्या वकिलाचे चुलते, खाडीपट्ट्यातल्याच एका गावचे माजी पोलीस पाटील. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला आले होते. डोळ्यांवर डॉक्टरांनी दिलेला मोठा काळा चष्मा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात काठी. त्यांना घरी एकटं कसं सोडायचं म्हणून बरोबर आणलं. काउंटरवरच्या पोरीने त्यांच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, ‘सर, हे आमच्याकडून आहेत की तुमच्याकडून?’

आत खोली अशी: शेठची अभ्यासिका. भिंतीत शेकोटी. मुंबईत, जिथे पंखा बंद केला तर माणूस वाळत घालावा लागतो, तिथे शेकोटी! एक बुद्धिबळाचा पट, बंद पडलेलं घड्याळ, पुस्तकांचं कपाट, शेठची तसबीर, आणि जमिनीवर खडूने काढलेली माणसाची आकृती. गोष्ट अशी, की शेठ कॉफी पिता पिता मेले. संशयित चौघं: दुसरी बायको, पुतण्या, घरचा डॉक्टर आणि आचारी. चौघांचेही जबाब भिंतीवर लावलेले, आणि चौघांचंही म्हणणं एकच, लखोबा लोखंडेने रंगभूमीवर 1962 पासून जे सांगितलं तेच.

टायमर सुरू झाला आणि आयटीवाला ओरडला, ‘सगळ्यांनी शोधायला लागा! हात लावा, उघडा, उचला!’

‘खबरदार,’ तात्या म्हणाले. सगळे जागच्या जागी थिजले. ‘पंचनामा झाल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही.’

इथे खेळ बनवणाऱ्याचं आणि महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, 1967 चं थेट भांडण लागलं. संशयास्पद मृत्यू झाला की ठाण्याला वर्दी द्यायची, जागा राखायची, कोणाला वस्तू हलवू द्यायची नाही, हे तात्यांच्या हाडीमासी भिनलेलं. ठाण्याहून जीप येईपर्यंत प्रेताशेजारी रात्र रात्र बसलेला तो माणूस. त्याच्यासमोर आम्ही शेठचा ड्रॉवर उघडणार होतो! तात्यांनी मास्तरला लिहायला बसवलं. शेजारच्या टेबलावर कोऱ्या कागदाचं पॅड होतं, ते कोड्यासाठी होतं हे नंतर कळलं. ‘पूर्वेस शेकोटी, पश्चिमेस बंद दरवाजा, दक्षिणेस भिंत, उत्तरेस भिंत,’ अशी चतुःसीमा झाली. दोन पंच लागतात म्हणून मला आणि बँकवाल्याला उभं केलं. वरच्या स्पीकरमधून पोरीचा आवाज आला, ‘सर, तुम्हाला काही मदत हवी आहे का?’ तात्यांनी टोपी काढून छताकडे बघितलं आणि म्हणाले, ‘साहेब, पंचनामा चालू आहे.’ बारा मिनिटं गेली, पण पंचनामा असा झाला की कोणत्याही कोर्टात टिकेल.

त्यानंतर प्रत्येकाच्या अंगात त्याचा त्याचा धंदा शिरला. मास्तरला शेठची शेवटची चिठ्ठी सापडली. तिच्यात जी अक्षरं लाल होती ती जोडून शब्द करायचा होता. मास्तरने चिठ्ठीतल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या, त्यामुळे लाल अक्षरं आठाची पंधरा झाली. वकिलाला मृत्युपत्र सापडलं. त्यातल्या मजकुराकडे त्याने बघितलंच नाही. ‘साक्षीदार दोन हवेत, इथे एकच सही आहे,’ म्हणून त्याने ते बाजूला टाकलं. मृत्युपत्राच्या मागच्या बाजूला कपाटाची खूण होती. आयटीवाला केस उपटायला लागला.

बँकवाल्याची तऱ्हा वेगळी. जांभळ्या प्रकाशाची एक बॅटरी होती. तिचा उजेड भिंतीवर टाकला की अदृश्य शाईतला मजकूर दिसायचा. बँकवाल्याने तो टाकला, काहीतरी वाचलं आणि बॅटरी बंद करून गप्प उभा राहिला.

‘काय दिसलं?’

‘चार आकडे आहेत.’

‘मग सांग ना!’

‘असे सगळ्यांसमोर सांगतात का?’

वीस वर्षं लोकांना ‘पिन कोणाला सांगू नका’ असं बजावणारा माणूस. त्याच्या तोंडून ते चार आकडे निघेनात. शेवटी त्याने वळून, हाताचा आडोसा करून, स्वतःच कुलूप फिरवलं. उघडलं तेव्हा त्याने सवयीने इकडेतिकडे बघितलं, मागे कोणी उभं तर नाही ना.

दुबईवाला मात्र कोड्यांच्या वाटेलाच गेला नाही. त्याने भिंतीवर टकटक केलं, ‘जिप्सम आहे.’ छताकडे बघितलं, ‘फॉल्स.’ मग पुस्तकांच्या कपाटामागचं छुपं दार त्याने कोडं न सोडवताच शोधलं, कारण तिथल्या बिजागरीचं काम त्याला पसंत पडलं नाही. दाराच्या वरच्या कोपऱ्यात हात फिरवून तो म्हणाला, ‘मॅग्नेट लॉक आहे रे. करंट आहे तोवरच धरून ठेवतं. वायर काढली की दार आपोआप उघडतं. काढू?’ स्पीकरमधली पोरगी किंचाळलीच, ‘सर, प्लीज, वायरला हात लावू नका!’ दुबईवाला हिरमुसला. त्याचं म्हणणं बरोबर होतं. आग लागली, वीज गेली, तर माणसं आत अडकू नयेत म्हणून ही कुलपं अशीच करतात. पण बरोबर असणं आणि नियमात असणं यांत फरक असतो, हे आखातात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

आणि तात्या? तात्या शेठच्या खुर्चीवर बसले होते. काळ्या चष्म्यातून त्यांना फारसं दिसत नव्हतं आणि दिसायची गरजही नव्हती. पहिल्या मिनिटालाच त्यांनी निकाल दिला होता: ‘पुतण्या.’

‘कशावरून तात्या?’

‘नांदत्या घरात माणूस मेला की पहिला जमिनीचा कागद बघायचा. शेठला पोर नाही. बायको दुसरेपणाची. मग राहिला कोण?’

यावर वाद घालणं कठीण होतं, कारण मराठी इतिहास तात्यांच्या बाजूने होता. आपल्याकडचा सगळ्यांत गाजलेला खून काका-पुतण्याचाच. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं; संशय काकांवर, म्हणजे राघोबादादांवर. तपास रामशास्त्री प्रभुण्यांनी केला. टायमर नाही, बॅटरी नाही. त्यांनी सत्तेवर बसलेल्या माणसाला तोंडावर दोषी ठरवलं आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. निकाल इतका स्वच्छ पुन्हा मराठी राज्यात क्वचितच लागला असेल. पुढे काय झालं? राघोबादादांनी प्रायश्चित्त घेतलं नाही. ते इंग्रजांकडे गेले, लढाया झाल्या, तह झाले, आणि दादा पुढे दहा वर्षं जगले. म्हणजे निकाल लागला तरी अंमलबजावणी राहते, हा आपला जुना रिवाज आहे. त्यात आमच्या महाडचाही वाटा आहे. 1796 साली पुण्यात पाय ठेवणं धोक्याचं झाल्यावर नाना फडणीस महाडला येऊन बसले आणि तिथून सूत्रं हलवून पुन्हा कारभारात गेले. इतिहासात त्याला ‘महाडचं कारस्थान’च म्हणतात. आमच्या गावाच्या नावाने अख्खं कारस्थान आहे. ज्या तालुक्याची ही परंपरा, त्यातल्या माणसाला आचाऱ्याने कॉफीत विष घातलं हे पटणार कसं?

कारण शेवटी आचारीच निघाला. आयटीवाल्याने एकट्याने, कोणाची मदत नसताना आणि सगळ्यांचा अडथळा असताना, बहुतेक कोडी सोडवली होती. त्याच्याकडे विषाची बाटली होती, कॉफीचं बिल होतं, आचाऱ्याच्या बापाचं हॉटेल शेठने बुडवल्याचं वर्तमानपत्राचं कात्रणही होतं. शेवटच्या पेटीला चार बटणं होती, प्रत्येक संशयिताचं एक. तीन मिनिटं उरली होती. आयटीवाला म्हणाला, ‘आचारी. शंभर टक्के.’ वकील म्हणाला, ‘असं कसं? मत घ्या.’ तात्या सोडून सगळ्यांचं हात वर करून मतदान झालं. पुतण्या पाच, आचारी एक. तात्यांच्या मानाखातर हात वर केला असं नंतर सगळेच म्हणाले. पुतण्याचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. उरलेल्या वेळात दुसरं बटण दाबता आलं असतं, पण वकिलाने ‘आधी या निर्णयाची कारणं लेखी द्या’ असं स्पीकरला सांगितलं आणि पुढची तारीख मागितली. तारखेऐवजी भोंगा वाजला.

दार उघडून पोरगी आत आली आणि तिने गोड आवाजात सगळी उकल सांगितली. सूड, हॉटेल, विष, कॉफी. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘पोरी, एक सांग. शेठ मेला. आता आचाऱ्याला पगार कोण देणार?’

ती गप्प.

‘बापाचं हॉटेल बुडवलं म्हणून ज्याला मारायचं, त्याच्याकडे हा दहा वर्षं पोळ्या लाटतोय? आणि इस्टेट कोणाला गेली?’

‘पुतण्याला,’ पोरगी म्हणाली.

‘मग?’

‘सर, गेममध्ये असंच आहे.’

तात्या उठले. काठी आपटून म्हणाले, ‘मग गेमचा तपास चुकलाय.’ वकिलाने दुजोरा दिला: हेतू शाबीत होत नाही, संशयाचा फायदा आचाऱ्याला. आम्हाला फोटोसाठी ‘सो क्लोज’ असं लिहिलेली पाटी दिली होती; ती तात्यांनी उलटी धरली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर सही करायला पेन मागितलं. हरकत नोंदवून ठेवायची होती.

परतीच्या वाटेवर लक्षात आलं, की लोक या खेळाला पैसे सुटण्यासाठी देत नसावेत. सुटायचं तर दुबईवाला दोन मिनिटांत वायर काढून देईल. पैसे असतात ते खात्रीचे. त्या खोलीतली प्रत्येक वस्तू कशासाठी तरी ठेवलेली असते, प्रत्येक किल्लीला कुलूप असतं, गुन्हेगार एकच असतो आणि तासाभराने कोणीतरी येऊन ‘हे असं झालं’ म्हणून सांगतं. बाहेर एवढी चैन कुठे आहे? मात्र ही चैन अंगी लागायला निकाल मान्य करायची सवय लागते, आणि ती आमच्या पाण्यातच नाही. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आचारी विरुद्ध पुतण्या हे प्रकरण आजही चालू आहे. बँकवाला मध्यंतरी डॉक्टरकडे वळला. मास्तरने दुसऱ्या बायकोच्या जबाबातल्या भाषेवर शंका घेतली आहे.

तरी आयटीवाल्याची हौस फिटली नाही. गणपतीत सगळे तुडीलला जमलो तेव्हा, आरती झाल्यावर ओटीवर त्याने लॅपटॉप उघडला आणि सांगितलं, अशी एस्केप रूम आपण गावातच करायची. बंद घरं आहेत, जुन्या वस्तू आहेत, चाकरमानी आलेले आहेत, पर्यटनही वाढेल. मोदक खाऊन तृप्त झालेली माणसं कशालाही माना डोलावतात. डोलावल्या. मग चर्चा सुरू झाली.

पहिला प्रश्न जागेचा. वरच्या आळीतलं एक बंद घर सगळ्यांना पसंत पडलं. त्याच्या एकाच दाराला तीन भावांची तीन कुलपं आहेत आणि तिन्ही किल्ल्या कधी एका दिवशी गावात नसतात. एवढं अवघड कोडं क्योटोतही नसेल. वकील म्हणाला, ‘घर सामाईक आहे. सामाईक घरात खून करायचा तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती लागेल.’ हिस्सेदार मोजले. अंधेरी, नालासोपारा, सुरत, कुवेत. एक बहीण पोलादपूरला दिलेली. तिची सही भाऊ कधीच मागत नाहीत, कारण मग हिस्साही आठवतो.

दुसरा प्रश्न विजेचा. दुबईवाल्याने मॅग्नेट लॉकचं शास्त्र सगळ्यांना समजावून सांगितलं: वीज आहे तोवर दार बंद, वीज गेली की उघडं. पावसाळ्यात तुडीलला हा खेळ ठेवला तर एकही गट हरणार नाही, आणि बरेचसे गट टायमर सुरू व्हायच्या आधीच जिंकतील.

तिसरा प्रश्न वस्तूंचा. आयटीवाल्याला माळा दाखवला. कणगी, इरली, कंदील, पाय मोडलेला पाळणा, कोणत्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्यांचा जुडगा आणि किल्ल्याच नसलेली कुलपं. ‘खुनाचं हत्यार ओळखा’ असा खेळ ठेवायचा तर कोयता, कुऱ्हाड, पहार, मुसळ, विळी, सगळंच हत्यार आणि सगळ्यांवर सगळ्यांच्याच हाताचे ठसे. प्रेताचं काय करायचं हा प्रश्न कोणीतरी काढला, तर एक पोरगं म्हणालं, ‘सावित्रीत मगरी आहेत की!’ ते खरं आहे, नदीत मगरी आहेतच. पण मोठ्यांनी त्याला इतक्या लगबगीने गप्प केलं, की मलाच संशय आला.

मग आयटीवाल्याने कोपऱ्यातल्या पत्र्याच्या ट्रंकेला हात घातला. ‘यात आपण खोटे कागद ठेवू. जुना फेरफार, मृत्युपत्र वगैरे.’ एकदम शांतता पसरली. ओटीवरचे सगळ्यांत वयस्कर काका म्हणाले, ‘त्या ट्रंकेला हात लावायचा नाही.’ खोटा कागद ठेवायला जायचं आणि खरा सापडायचा, या भीतीने सगळ्या भाऊबंदांत अनेक वर्षांनी प्रथमच एकमत झालं. माळा खेळातून वगळण्यात आला.

शेवटी पात्रं. प्रेत व्हायला कोणी तयार नाही. आजी म्हणाली, ‘गणपती घरात आणि तुम्ही प्रेतं कसली मांडता?’ खुनी व्हायला एक तरणा तयार झाला, तर त्याची आत्या उठून आली: ‘याचं पुढच्या महिन्यात बघायचं आहे. पोरीकडच्यांच्या कानावर गेलं तर?’ ते जाणार हे नक्कीच होतं. दुसऱ्या दिवशी मी महाडला उतरलो तर एसटी स्टँडवर ओळखीच्या माणसाने विचारलं, ‘काय, मिळाला का खुनी?’ अजून खेळच ठरला नव्हता. दुबईवाला म्हणाला, ‘मी होतो खुनी, पण माझी सुट्टी संपते आहे.’ वकिलाच्या मते ते उत्तमच: खून करून दुबईला गेला, म्हणजे गोष्ट अगदी खरी वाटेल.

इतका वेळ तात्या भिंतीला टेकून बसले होते. आता डोळा उत्तम झाला होता. काळा चष्मा गेला होता. ते म्हणाले, ‘तुमचा खेळ आपल्या गावाला चालायचा नाही. इथे खुनी कोण हे शोधायला कोणी पैसे देणार नाही, ते फुकट कळतं. तुम्ही असं करा. खुनी कोण ते पहिल्यांदाच सांगून टाका. दार उघडं ठेवा. मग सगळ्या भाऊबंदांना बसवा आणि सांगा, 60 मिनिटांत सगळ्यांनी एका कागदावर सही करायची, की होय, हाच खुनी. झाली सही तर तुम्ही सुटलात.’

ओटीवर हशा झाला आणि मग हळूहळू थांबला, कारण प्रत्येकाच्या मनात कोणता ना कोणता कागद आला होता. आयटीवाल्याने ते मनावर घेतलं. मोबाइलवर 60 मिनिटांचा टायमर लावला आणि म्हणाला, सरावासाठी सोपा विषय घेऊ: आपण हा खेळ करायचा की नाही, एवढ्यावरच सगळ्यांच्या सह्या. एक जण म्हणाला, मी आधी वाचीन. दुसरा म्हणाला, मोठ्या भावाला विचारून सांगतो. तिसऱ्याने चौथ्याच्या खाली सही करायला नकार दिला. चौथ्याने कागद खिशात घातला. चहा आला, परत गेला, पुन्हा गरम होऊन आला. टायमर वाजला तेव्हा कागदावर फक्त मास्तरची सही होती, आणि तीही शुद्धलेखन तपासल्याची.

वकिलाने डायरी काढली. ‘सभासदांत एकमत नसल्यामुळे खून पुढच्या गणपतीपर्यंत तहकूब,’ त्याने वाचून दाखवलं. तात्यांनी तेवढीच दुरुस्ती सुचवली, की आरोपी म्हणून पुतण्याचं नाव आत्ताच लिहून ठेवा. पाच हात वर झाले.